दोन वाट्यांची फटफटी

विंझर, ४ ऑगस्ट २०२५

श्री. गंगाधर यांस, मुक्काम भोर,

सर्जेरावाकडून कळवण्यात येते की मी अजून जिवंत आहे. तूही असशील असं धरून पत्र टाकतोय. परत आलं तर काय ते समजेन.

दचकू नकोस. तुझ्याशी पुन्हा बोलणार नाही अशी शपथ मी चाळीस वर्षांमागं घेतली होती, ती तोंडाची होती. हाताची नव्हती. तलाठी म्हणून जन्म काढला, कागदावरचा शब्द नीट वाचायची सवय आहे. तेव्हा लिहिण्यात काही मोडत नाही. मोबाईल लावला असता, पण त्यात तोंड येतं.

तर कारण असं की माझा डावा गुडघा गेला. पुण्याच्या डॉक्टरनं फोटो उजेडाला धरून दाखवला आणि म्हणाला, काका, दिवाळी झाली की बदलून टाकू. मी विचारलं, मग मोटरसायकलला किक मारता येईल का? तो हसायलाच लागला. म्हणाला, किक विसरा आता, बटणाची स्कूटर घ्या. तिथून घरी आलो आणि त्याच गुडघ्यानं गोठ्याच्या माळ्यावर चढलो. पोत्यांखाली माझा हिस्सा होता तसा होता.

तुझ्या लक्षात नसेल (आहे, मला माहीत आहे) म्हणून सगळं मांडतो. आपण दोघांनी मिळून घेतलेली येझदी. मातीतल्या शर्यतीसाठी उघडीवाघडी केलेली, सायलेन्सर वर उचललेला, हँडल म्हशीच्या शिंगांएवढं रुंद, टायरला ढेकळासारख्या गाठी. तू भोरच्या कचेरीत कारकून, मी इकडं नवा तलाठी, दोघांची लग्नं ताजी, आणि रविवार आला की दोघं चिखलात. पुण्याच्या त्या शेवटच्या शर्यतीत आपण सगळ्यांच्या पुढं होतो. आणि पेट्रोलात ऑईल कुणीच मिसळलं नव्हतं. तुला वाटलं मी मिसळलं, मला वाटलं तू. टू-स्ट्रोक गाडी, ऑईलशिवाय किती पळणार? पिस्टन धरला, इंजिन जाम, आपण बांधावर. पाळी तुझी होती. हे मी आजही सही-शिक्क्यानिशी लिहून देतो.

मग भांडण आणि मग वाटणी. जगात कुणी मोटरसायकल जमिनीसारखी वाटली नसेल, ती आपण वाटली. चिमाजीनाना पंच. रीतीप्रमाणं मोठ्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं, म्हणजे मोठ्याला लबाडी करता येत नाही. आपण भाऊ नव्हतो, दोस्त होतो; पण मी चैत्रातला, तू त्याच वर्षीच्या श्रावणातला, म्हणजे मोठा मी. मी वाटे पाडले. एका ढिगात चेसिस, दोन्ही चाकं, हँडल, टाकी, सीट. दुसऱ्या ढिगात जाम झालेलं इंजिन. मला वाटलं, तू पहिला ढीग उचलशील. तू इंजिन उचललंस. नानासुद्धा म्हणाले, "आरं गंगाधरा, त्ये मेलंय." तू ते पोत्यात बांधलंस. जाताना एवढंच म्हणालास की विंझरच्या मातीला पुन्हा पाय लावणार नाही.

आता मुद्द्याचं. मी माझ्या हिश्श्यावर फटफटी उभी करणार आहे. इंजिन दुसरं बघीन. ऑपरेशनच्या आधी तिला एकदा किक मारायची आहे, तिच्यावर बसून वेल्ह्यापर्यंत जाऊन यायचं आहे, बाकी काही नाही. तुझ्या हिश्श्याशी माझा संबंध नाही आणि मी तो मागतही नाही. हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावी. न कळवल्यास हरकत नाही असं धरलं जाईल.

आपला (हा शब्द रिवाजापुरता),
सर्जेराव


विंझर, २१ ऑगस्ट २०२५

गंगाधर यांस,

मुदत संपली. हरकत आली नाही. काम सुरू केलं आहे आणि सहहिस्सेदार म्हणून तुला त्याची माहिती असावी, एवढ्यासाठीच हे पत्र.

आमच्या नाक्यावर गोरखचं गॅरेज आहे. मोटरसायकलींपेक्षा पॉवर टिलरच जास्त येतात त्याच्याकडं. आपला सांगाडा बघून तो आधी भोवतीनं दोन चकरा मारून आला. "काका, कंपनी बंद हून जमाना झाला. ह्येचं सामान आता कुठं मिळायचं?" म्हटलं, मग? तर म्हणाला, "मग काय! शिक्का बघायचा न्हाई, माप बघायचं. बेरिंगला काय म्हाईत असतंय व्हय, आपण कुठल्या गाडीत हाये?"

गंगाधर, तेव्हापासून मी झोपेतसुद्धा मापं घेतोय. खिशात मापाची पट्टी आणि सुताचा तुकडा असतो. मागच्या चाकाचं बेरिंग चिखलणी करणाऱ्या पॉवर टिलरचं बसलं, हातानं दाबलं तर गपकन आत. पुढच्या फोर्कचं ऑईल सील कुठंच मिळेना, नसरापूरला नाही, शिवऱ्याला हायवेवरच्या दुकानांत नाही. शेवटी ते माझ्याच विहिरीच्या मोटारीत निघालं. चार दिवस भाताला पाणी पावसानं दिलं म्हणून बरं, नाहीतर आमच्या हिनं, भामानं, मलाच विहिरीत सोडलं असतं. ब्रेकची केबल आमच्या आळीतल्या सावळारामाच्या जुन्या मोपेडची. तो म्हणतो, "न्या, पण गाडी चालू झाली की मला एक चक्कर." ही अट मी मान्य केली आहे.

एकदा मात्र फसलो. गोरखनं साखळी आणली, मापानं तंतोतंत, आणि आम्ही दोघं खुशीत. बसवली तेव्हा कळलं, माप घेताना आम्ही मागचं चाक उलटं लावलं होतं. दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि दोघंही म्हणालो, चाक तू लावलंस. मला त्यावरून कुणाची तरी आठवण झाली. नाव लिहीत नाही.

सीट कामथडीच्या सोनियाबाईंकडं दिली. त्या टेम्पोच्या सीटा शिवतात. त्यांनी विचारलं, "किती जणं बसनार?" म्हटलं, एक. त्यांनी पत्र्यावर टेप लावला आणि म्हणाल्या, "ह्ये तर दोगांचं माप हाय वो. येकाची शिवली तर मागं पत्रा उघडा ऱ्हाईल." मग म्हटलं, शिवा दोघांची. उगीच पत्रा गंजायला नको.

आणि सायलेन्सर वर असल्यामुळं मागच्याच्या मांडीला चटके बसायचे, ते तुला सांगायला नको. त्यावर जाळी हवी होती. फोडणीच्या डब्यापासून चाळणीपर्यंत घरातलं सगळं लावून बघितलं. शेवटी बसली ती पुरणयंत्राची जाळी. गोल, भोकं एकसारखी, वाकवली की बेमालूम. भामाला अजून कळलेलं नाही. हे आपल्यातच असू दे.

इंजिनाचा शोध चालू आहे. गोरख म्हणतो, कुठलं तरी बसवू.

कळावे,
सर्जेराव


विंझर, ३ सप्टेंबर २०२५

गंगाधर,

भामाला कळलं. आणि कळलं ते गौरीजेवणाच्या सकाळी, डाळ शिजल्यावर.

"आवं, जाळी कुठंय?" मी पेपर वाचत होतो. पेपर आणखी वर धरला. "आवं, तुमास्नी इचारतीय! गवरीच्या निवदाला पुरण काय आता मिक्सरात काढू?" मग तिची नजर अंगणातल्या फटफटीवर गेली आणि सायलेन्सरवर थांबली. पुढचं लिहीत नाही. फुलाबाई शेजारून बघायला आल्या, यावरून आवाजाचा अंदाज घे.

आणि बरोबर त्या वेळेला नसरापूरहून येणाऱ्या एस.टी.चा कंडक्टर दारात. "सर्जेराव तुमीच का? भोरवरनं पार्सल हाय." वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, सुतळीनं बांधलेलं. वर तुझं अक्षर. चाळीस वर्षांनी बघितलं तरी 'स' तसाच लंगडा.

आत किकचा दांडा. आणि त्याच्याखाली पुरणयंत्राची नवीकोरी जाळी.

जाळी भामानं माझ्या हातातून अशी ओढून घेतली, की जणू मी ती पण सायलेन्सरला लावणार होतो. तिच्या यंत्रात टाकली. बसली. मी म्हटलं, अरे वा, कुंदावहिनींच्या यंत्राचं आणि आपल्या यंत्राचं माप एकच? तर भामा म्हणते, "असनारच. दोगींनी येकाच दुकानात घेतलीत, भोरच्या पेठंत." कधी घेतली? "तुमचं भांडान झाल्यावर." मग? "मग काय? वाटणी तुमी दोगांनी केली. आमची कशाला हुईल? फोन असतोय आमचा दर आटवड्याला."

चाळीस वर्षं! माझ्याच घरात! तुझ्या पोरीचं, भार्गवीचं बाळंतपण, तुझ्या हृदयात बसवलेली ती स्प्रिंग, सगळं हिला माहीत. मला नाही. मी रुसूनच ताटावर बसलो. पोळ्या मात्र पोटभर खाल्ल्या, पुरण झकास झालं होतं.

आता दांड्याविषयी. हा दांडा म्हणजे आपल्या गाडीची मजा. डाव्या बाजूला एकच दांडा, आत ढकलून वर वळवला की किक, खाली आणला की तोच गियर. दुसऱ्या कुठल्या इंजिनाला हा बसणार नाही, हे तुला माहीत आहे. म्हणजे इंजिन ठेवून घेतलंस आणि दांडा पाठवलास. बैल ठेवून कासरा पाठवावा तसं झालं. हे चिडवणं आहे की बोलावणं, ते कळेना. मी दोन दिवस त्यावरच विचार करतोय.

एक मात्र बघितलं. दांड्यावर गंजाचा ठिपका नाही. बोट लावलं तर बोटाला ताजं ऑईल लागलं. ऑईल घालायला शिकलास म्हणायचं.

वहिनींना जाळीबद्दल नमस्कार सांग. घरचा इंद्रायणी तांदूळ परतीच्या एस.टी.नं पाठवतोय. तो वहिनींसाठी आहे, तू खाल्लास तर हरकत घेणार नाही.

सर्जेराव


विंझर, २२ सप्टेंबर २०२५, घटस्थापना

गंगाधर,

फटफटी चालू झाली.

गोरखनं दूधवाल्या एकाच्या भंगारातल्या मोटरसायकलचं इंजिन आणलं. बसत नव्हतं, मग पट्ट्या कापल्या, भोकं पाडली, खाली लाकडाची पाचर मारली. काल सकाळी अंगणात सगळा वाडीवस्तीचा जमाव. गोरखनंच किक मारली, त्याला धीर निघेना. दुसऱ्या किकला सुरू. पोरंसोरं ओरडली, सावळारामानं नारळ फोडला, मी चढून बसलो आणि नाक्यापर्यंत जाऊन आलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भामानं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला.

मी खाली उतरलो. सगळे हसत होते म्हणून मीही हसत होतो.

फुलाबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांना आता दिसतं कमी, पण कान शाबूत आहेत. म्हणाल्या, "सर्जेराव, ही कुणाची गाडी?" म्हटलं, आमचीच की, जुनी. त्यांनी मान हलवली. "न्हवं. ह्यो आवाज त्यो न्हवं. त्या गाडीचा आवाज वड्यापल्याड आला की मी चुलीवर चहा टाकायची, दोगांचा. ह्यो ऐकून काय हात हालला न्हाई माझा."

गंगाधर, त्या आवाजाला मी काय करू? संध्याकाळी मी गोरखला सांगितलं, हे इंजिन काढून ठेव. तो म्हणाला, "काका, बसलंय की चांगलं!" बसलंय खरं. पण पाचरीवर बसलंय.

आता लिहितोच, आडपडदा नको. बेरिंग बदली मिळालं, सील मिळालं, केबल मिळाली, भामाला जाळीसुद्धा मिळाली. तुझ्या बदली मात्र मला काही मिळालं नाही. बघितलं नाही असं नाही. नोकरीत पुष्कळ माणसं आली, चांगली होती, चहापाणी झालं, लग्नकार्यांना गेलो. पण मागं बसून "अरे वळव, वळव, मेलो!" असं ओरडणारं आणि वळवल्यावर "आणखी जोरात घ्यायचं होतंस" म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं. चाळीस वर्षं तुझी आठवण येत होती. राग होता म्हणून जास्तच येत होती.

पहिल्या पत्रात लिहिलं होतं की मी इंजिन मागत नाही. ते खोटं होतं. मला इंजिन हवंय आणि त्याच्याबरोबर तू हवास. भाऊबीज झाली की माझं ऑपरेशन. त्यानंतर या पायानं किक होणार नाही. म्हणजे वेळ आहे ती दिवाळीपर्यंत.

पाळी तरीही तुझीच होती.

तुझा,
सर्जेराव


विंझर, ३ ऑक्टोबर २०२५

गंग्या,

काल दसरा. सकाळी भामानं तिचा मोबाईल माझ्या ताटाशेजारी ठेवला. म्हणाली, "बघा. कुंदानं धाडलाय."

फोटोत तुझ्या घरचा पाट. पाटावर इंजिन. पुसून आरशासारखं केलेलं, हळदीकुंकू लावलेलं, झेंडूची माळ. मागं तुझे पाय दिसतात, धोतरातले.

मी जेवण तसंच ठेवून भामाला फोन लावायला लावला, आणि वहिनींना विचारायला लावलं, कारण मी वहिनींशी बोलायला मोकळा आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही. वहिनी सगळं सांगत गेल्या आणि भामानं फोन मोठ्या आवाजावर ठेवला. वाटणी झाली त्याच वर्षी तू पुण्याला नेऊन सिलेंडर बोअर करून आणलास. नवा पिस्टन घातलास. महिन्यातून एकदा हातानं फिरवतोस, ऑईल देतोस, आणि दर दसऱ्याला त्याची पूजा. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, पहिल्या वर्षी मी विचारलं, आता दुरुस्त झालंय तर देऊन या की. तर म्हणाले, कसा जाऊ? विंझरला पाय लावणार नाही म्हणून आलोय."

म्हणून तू मेलेलं इंजिन उचललंस! गंग्या, माझ्या वाट्याला आलं असतं तर मी ते रागाच्या भरात भंगारात घातलं असतं. आणि हे तुला माहीत होतं.

आता माझंही ऐक. दर दसऱ्याला सगळे सोनं वाटायला बाहेर पडले की मी माळ्यावर चढायचो आणि हँडलला झेंडू बांधायचो. भामाला सांगायचो, उंदीर बघून येतो. तिनं काल विचारलं, "चाळीस वर्सं दसऱ्यालाच बरं उंदीर व्हायचे?"

तर आता अडचण तुझ्या पायाची. त्यावर मी तलाठी म्हणून विचार केला आहे. तुझे शब्द होते, विंझरच्या मातीला पाय लावणार नाही. टेम्पोच्या फळीला माती नसते. फूटरेस्टला माती नसते. येत्या रविवारच्या पुढचा रविवार, बारा तारीख. नाक्यावरच्या अजितचा टेम्पो भोरला पाठवतो. इंजिन मागं, तू आणि वहिनी पुढं. टेम्पो अंगणात उलटा लावू. तू खाली उतरायचंच नाही. इंजिन आम्ही उतरवून बसवू, गाडी चालू करू, टेम्पोला भिडवू, आणि तू फळीवरून थेट माझ्या मागं. तुझा शब्दही राहील आणि माझाही. मी तुझ्याशी बोलणार नाही, मधे गोरखला ठेवीन.

येताना पेट्रोल कॅनमधून आण, पंप तुमच्या वाटेवर आहे. ऑईलचं मी बघतो. यावेळी घोळ नको.

वाट बघतो,
सर्जेराव


विंझर, १३ ऑक्टोबर २०२५

गंग्या,

काल तू होतासच, मग आज पत्र कशाला, असं म्हणशील. तू भोरला जाऊन सगळ्यांना वेगळंच सांगशील म्हणून. घडल्या गोष्टीचा पंचनामा माझ्या हातचा असू दे.

टेम्पो आला तेव्हा अंगणात निम्मं गाव. वहिनी आधी उतरल्या आणि भामाच्या गळ्यात पडल्या. तू मागं फळीवर, इंजिनाशेजारी मांडी घालून बसलेला, चपला काढून, टोपी नीट. केस गेले, पोट आलं, नाक तेच. मी तुझ्याकडं बघितलं. तू वर आभाळाकडं बघितलंस. ते बघणं मला ओळखू आलं, शर्यतीच्या आधी तू तसंच बघायचास.

मग सुरू झालं. मी म्हणालो, "गोरख, त्यांना विचार, प्लगची गॅप किती ठेवलीय." तू म्हणालास, "गोरख, त्यांना सांग, जेवढी पाहिजे तेवढी." गोरखनं पाना खाली ठेवला. "काका, तुमी दोगं येकमेकाला दिसताय न्हवं? मंग मला कशाला मधी घेताय?"

इंजिन उचलून जागेवर ठेवलं. बोल्ट भोकात सरळ उतरला, हातोडी लागली नाही, पट्टी लागली नाही, पाचर लागली नाही. मी तो बोल्ट पुन्हा काढला आणि पुन्हा घातला. नुसतं बघायला. अजितला वाटलं माझं काही चुकलं.

तू आणलेलं पेट्रोल टाकीत ओतलं. मी चढलो. पहिली किक. काही नाही. दुसरी किक, गुडघ्यातून अशी कळ आली की डोळ्यापुढं काजवे. तिसऱ्या किकला पाय दगा देऊन गेला आणि गाडी माझ्यासकट डावीकडं कलली. गोरख उजवीकडं होता. मला वाटलं, संपलं.

आणि कुणीतरी हँडल धरलं. अनवाणी पाय, घोट्यापर्यंत विंझरच्या चिखलात, आणि तोंडावर तोच चाळीस वर्षांपूर्वीचा राग. म्हणालास, "ऑईल घातलंस का?"

मी म्हणालो, "घातलं! सकाळीच, टाकीत!"

"अरे, मी कॅनमध्येच मिसळून आणलंय!"

"तुला सांगितलं होतं ना, मी बघतो म्हणून!"

"तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार?"

मग भामा म्हणाली, "आवं, त्येंचा पाय खाली हाय." आणि वहिनी म्हणाल्या, "आणि भाऊजी बोलताहेत." तू आपल्या पायांकडं बघितलंस. मी तोंडावर हात ठेवला. त्याचा उपयोग नव्हता. हसायला आधी कोण लागलं यावर वाद होईल, तेव्हा लिहून ठेवतो, मी लागलो. रडायला तू.

तू गाडी सरळ धरलीस. "मार," म्हणालास, "मी धरलंय." आणि मी किक मारली, त्याच गुडघ्यानं, सगळा जीव एकवटून. बसली! तो आवाज, गंग्या! पोटात घुसून वर येणारा, आपला आवाज. शेजारच्या ओट्यावरून फुलाबाईंची हाक आली, "आलं व्हय रं दोगं? चहा टाकते!"

त्यानंतर धूर. दुप्पट ऑईलचा, दुधासारखा पांढरा. अंगण दिसेना, टेम्पो दिसेना, तू मागं बसलास ते फक्त वजनावरून कळलं. वेल्ह्याच्या रस्त्यानं निघालो तर लोकांनी दारं-खिडक्या लावून घेतल्या. त्यांना वाटलं, ग्रामपंचायतीची डासांची गाडी आली. एका वळणावर तू "अरे वळव, वळव, मेलो!" म्हणून ओरडलास, आणि वळल्यावर म्हणालास ते मी इथं लिहीत नाही, तुला माहीत आहे. तुझ्या मांडीला चटका बसला नाही. जाळी उत्तम काम देते.

एवढा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. हे वाक्य वहिनींना वाचून दाखवू नकोस, लगेच फोन होईल.

आता एक काम राहिलं. भाऊबीजेनंतर मी पुण्याला. गोरख म्हणतो, "काका, गुडगा कुठल्या कंपनीचा? माप नीट घ्याया सांगा." म्हणजे किकच्या कामातून मी गेलो. मला हवी होती ती किक मिळाली, त्याचं दुःख नाही. पण गाडी आता एक झाली, तेव्हा जुनी वाटणी रद्द आणि नवी करणं भाग आहे. चिमाजीनाना नाहीत, म्हणून पंच म्हणून भामा आणि कुंदावहिनी बसल्या आहेत. दोघींनी मंजुरी दिली आहे, फोनवर, मला न विचारता.

पहिला वाटा: पुढं बसणं, हँडल धरणं आणि किक मारणं.

दुसरा वाटा: मागं बसणं, वळणं सांगणं आणि घरी पोचेपर्यंत शिव्या देणं.

ऑईल घालायची जबाबदारी दोन्ही वाट्यांत टाकली आहे. धूर झाला तर होऊ दे.

मोठा म्हणून वाटे मी पाडलेत. तू धाकटा. आधी उचल.

तुझा (हा शब्द रिवाजापुरता नाही),
सर्ज्या